दोन डोळ्यांचा हंस

वन्सं,

तुमच्या चौदाव्याचं जेवण होऊन आठ दिवस झाले. मी अजून रडलेले नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही वाट बघायला नको. तुमच्या भावानं रडून घेतलं, अश्विनीनं आईसाठी रडायचं तेवढं रडून घेतलं, खालच्या वाण्यानंसुद्धा डोळे पुसले. मी पाहुण्यांची ताटं वाढली, उरलेला भात बाईला दिला आणि गॅलरीतले तुमचे दोन गाऊन वाळले होते ते घडी करून ठेवले. मला असंच जमतं. तुम्ही म्हणायचात ना, "मीनलला रडायला पण अर्ज करावा लागतो."

मला तुमच्याशी एका रुमालाबद्दल बोलायचंय. पांढऱ्या सुताचा, क्रोशानं विणलेला, वीतभर चौकोनी रुमाल. जाळीवर पाण्यातला हंस. तेहतीस वर्षांपूर्वी तो माझ्या रुखवतात होता आणि त्याला टाचणीनं चिठ्ठी लावली होती, "चि. सौ. कां. मीनल हिने स्वतः विणलेला." तो मी विणलेला नव्हता. मला तेव्हा क्रोशाची सुई धरतासुद्धा येत नव्हती. हे मी तुम्ही असेपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं, तुमच्या भावालाही नाही. तुम्हाला सांगायचं ठरवलेलं. या बुधवारी सांगू, पुढच्या बुधवारी सांगू, असं करत गेले आणि तुम्ही निघून गेलात. मग डोक्यात एकच भुंगा राहिला. तुम्हाला माहीत होतं का?

त्या दिवसाची गोष्ट माझ्या बाजूनं सांगते. तुमच्या बाजूनं ती तुम्ही कधी सांगितलीच नाहीत.

आमचं घर खोपटला, एस.टी. डेपोच्या मागे. आई एकटी, मी नोकरीला लागलेली. लग्न ठरलं तेव्हा रुखवतात काय मांडायचं यावरून आईच्या नाकी नऊ आले. लाडू-चिवडा होता, साखरेचं तुळशीवृंदावन होतं, पण मुलीच्या हातचं काही नको का? मुलीला येत होतं टायपिंग. मिनिटाला किती शब्द ते सांगता येतं, टेबलावर मांडता येत नाही. मग आई लग्नाच्या दोन दिवस आधी बाहेर गेली आणि पेपरात गुंडाळलेला तो रुमाल घेऊन आली. मी म्हटलं, "अगं, खोटं कशाला?" तर म्हणाली, "खोटं कसलं? सगळ्यांच्याच रुखवतात असतं असं. झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बस."

मी गप्प बसले.

हॉलवर तुम्ही तुमच्या काकूंबरोबर रुखवत बघायला आलात. मी मुंडावळ्या बांधून तिथेच उभी होते. बाकीच्या बायका वरवर बघून लाडवांकडे वळल्या. तुम्ही रुमाल उचललात. उलटा केलात. उजेडाकडे धरलात. कडेवरून अंगठा फिरवलात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. मला वाटलं, संपलं. आता ही विचारणार, किती टाक्यांवर सुरुवात केलीस, आणि मी भर मांडवात तोंडावर पडणार. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अगंबाई! या हंसाला एकाच बाजूला दोन डोळे?"

खरंच होते. एकाच्या वर एक. मी ते तोवर बघितलंच नव्हतं.

तुम्ही म्हणालात, "असू दे हो काकू. एक मिटला तर दुसरा उघडा." आणि मग माझ्याकडे न बघता, रुमाल खाली ठेवता ठेवता म्हणालात, "हात सुंदर आहे हो हिचा."

मी म्हटलं, "थँक्यू."

त्या थँक्यूनं मला तेहतीस वर्षं छळलंय. रुमाल आमच्या डोंबिवलीच्या घरी टीव्हीवर पडला आणि तुमच्या भावाला, विजयला, ते एक खेळणंच झालं. "मीनल, तुझा हंस आज माझ्याकडे दोन्ही डोळ्यांनी बघतोय." "मीनल, चष्मा लावून विणायचं ना गं." मी तोऱ्यात सांगायचे, मुद्दाम केलाय तसा. स्वतः न केलेल्या चुकीची बाजू मी इतकी वर्षं लढवली, ऑफिसात साहेबाची नाही लढवली तेवढी. मग भिंतीवरचा टीव्ही आला. त्याच्या डोक्यावर रुमाल बसेना. तो कपाटात गेला, आणि मला हायसं वाटलं.

मागच्या वर्षी मी रिटायर झाले आणि महिन्याभरात तुमचा फोन. "आता दिवसभर काय करणार? विजूचं डोकं खाणार? त्यापेक्षा ये टिटवाळ्याला, विणायला बस. तुला येतंच ना." येतंच ना! चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, "वन्सं, विसरले हो सगळं." तुम्ही म्हणालात, "हो का? बरं. मग पहिल्यापासून शिकू. मंगळवारी येऊ नकोस, गणपतीच्या गर्दीत रिक्षा मिळत नाही. बुधवारी ये."

असे आपले बुधवार सुरू झाले. अकरा वाजता मी यायचे, तुमचा कुकर झालेला असायचा. खिडकीशी दोन खुर्च्या. समोर आणखी एक टॉवर चढत होता आणि तुम्ही दर वेळी त्याचे मजले मोजून मला सांगायचात. पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या हातात सुई दिलीत आणि मी ती पेनासारखी धरली. तुम्ही बघितलंत. माझी बोटं धरून नीट बसवलीत, जशी बालवाडीतल्या पोराची बसवतात. त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. तुमच्या हाताला लसणीचा वास येत होता आणि मी सुईकडे बघत राहिले.

शिकवणं मात्र तुमचं पक्कं. म्हणालात, हे काम म्हणजे घरं बांधणं. एक खांब, दोन साखळ्या, परत एक खांब, झालं रिकामं घर. साखळ्यांच्या जागी दोन खांब घातले की घर भरलं. रिकामी घरं म्हणजे जाळी, भरलेली घरं म्हणजे चित्र. बाकी सगळी मोजामोज. "पंचवीस घरं, घराला तीन टाके. किती?" मी म्हटलं पंचाहत्तर. "शहात्तर. शेवटच्या घराला भिंत नको? उघडं ठेवणार?"

आणि तुमची ती आलेखाच्या कागदाची तऱ्हा! नमुना पेन्सिलीनं काढलेला, कागद पिवळा पडलेला, आणि तुम्ही तो खालच्या दोन-तीन ओळींवर दुमडून टाचण्या मारून बंद केलेला. जेवढं विणून होईल तेवढीच घडी उघडायची. "पुढचं बघू नकोस, घाबरशील. आपली ओळ बघ." मी विचारलं, आहे काय यात? म्हणालात, "पक्षी आहे. कळेल." मी सरकारी नोकरी केलेली बाई, बंद पाकीट उघडत नाही. नाही उघडलं. पण पाण्याच्या लाटा विणून झाल्या तेव्हा त्या कुठेतरी बघितल्यासारख्या वाटल्या, हेही खरं. कपाट उघडून ताडून बघावंसं मला वाटलं नाही.

आपलं भांडण झालं ते पंधराव्या ओळीला. चौथ्या ओळीच्या शेवटी मी वळायच्या साखळीत खांब घालायला विसरले होते, एक टाका गळला होता. पाचव्या ओळीत मी गुपचूप एक जास्तीचा घालून भरपाई केली. ऑफिसात असं चालतं. तुमचा अंगठा कडेवरून फिरला आणि थांबला.

"इथे काय केलंस?"

"कुठे काय?"

"उसव."

"वन्सं, अकरा ओळी आहेत! कोणाला दिसणार आहे?"

"मला दिसतंय ना. चुकलं की उसवायचं. चूक ठेवून पुढे गेलं की ती राहते गं, मग कायम बघत बसावं लागतं तिच्याकडे."

मी म्हटलं, तुम्ही जन्मात कधी चुकला नाहीत वाटतं. तुम्ही गप्प झालात. मी ते गप्प होणं रागाचं समजले. दोरा ओढला, अकरा ओळी भसाभस उसवल्या, केसांच्या गुंत्यासारखा ढीग पिशवीत कोंबला आणि निघाले. तीन बुधवार आले नाही. चौथ्या मंगळवारी तुमचा फोन, "साबुदाणा भिजत घालू का?" बस, एवढंच. मी म्हटलं घाला. भांडण मिटलं असं आपण दोघी धरून चाललो, पण मिटलं नव्हतं. माझं अजून म्हणणं आहे की अकरा ओळी जरा जास्तच झाल्या.

शेवटच्या बुधवारी माझ्या एकोणीस ओळी झाल्या होत्या. मान विणून झालेली, तेव्हा हंस आहे हे लपण्यासारखं राहिलं नव्हतं. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही टॉवरकडे बघत होतात. निघताना दारात म्हणालात, "डोक्यापर्यंत पोचलीस की फोन कर. डोक्याशी गंमत आहे. मग बोलू."

रविवारी तुम्ही गेलात.

आमचं सुतक तीन दिवसांचं. चौथ्या दिवशी मी विणकामाची पिशवी काढली. विजय बघत राहिला, म्हणाला, "आत्ता?" मी म्हटलं, "आत्ताच." शेवटच्या टाचण्या काढल्या, कागद पुरा उलगडला. डोकं होतं. एकविसाव्या ओळीत एक घर रिकामं, तो डोळा. बाविसाव्या ओळीत, बरोबर त्याच्या डोक्यावर, अजून एक घर रिकामं. पेन्सिलीनं काळं करायचं राहिलेलं. त्याच्याभोवती नंतर कधीतरी बॉलपेननं छोटा गोल केलेला होता.

मी कपाट उघडलं. जुना रुमाल काढून कागदाशेजारी ठेवला. लाट न् लाट तीच, पीस न् पीस तेच. दोन डोळेही तेच.

डोक्यापर्यंत पोचले होते, तर फोन केला. तुम्ही सांगितलेलं म्हणून. तुमच्याच नंबरवर. का केला ते विचारू नका, मला माहीत नाही. अश्विनीनं उचलला. "मामी? आईच्या फोनवर?"

मी तिला विचारलं, "अश्विनी, तुझी आई पूर्वी विकायला विणायची का गं?"

आधी तिनं खोलीचं दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं? ते कोणालाच माहीत नाही. मी सात-आठ वर्षांची असेन. आम्ही तेव्हा कल्याणला. आई रुमाल विणून ठाण्याच्या एका दुकानात द्यायची, खोपटच्या डेपोजवळ. बाबांना सांगायची, आत्याकडे जाऊन येते. बाबांना चालायचं नाही ना, घरातल्या बाईनं बाहेरचं काम घेतलेलं. मला बरोबर न्यायची, आणि कोणाला सांगायचं नाही म्हणून येताना भेळ. मामी, एकदा घाईत एक हंस चुकलेला, दोन डोळ्यांचा. दुकानात दिल्यावर तिच्या लक्षात आलं. परत आणायला गेलो तर विकला गेलेला. पूर्ण रस्ता चिडचिड करत होती. मला भेळ पण नाही दिली त्या दिवशी."

मी म्हटलं, "तो माझ्याकडे आहे."

म्हणजे वन्सं, मांडवात तुम्ही अंगठा फिरवलात तेव्हा तुम्हाला कड बघायची नव्हती. तुम्ही आपलं हरवलेलं ओळखत होतात. काकूंनी डोळे दाखवले आणि तुम्ही माझी लाज राखलीत, असं मी इतकी वर्षं समजत आले. आज मला तसं पूर्ण वाटत नाही. तुम्ही तोंड उघडलं असतंत तर माझी चिठ्ठी खोटी पडली असती, पण तुमचं दुकानही उघडं पडलं असतं. आपण दोघी एकमेकींच्या मुठीत होतो, फक्त मला ते ठाऊक नव्हतं आणि तुम्हाला होतं. तुम्हाला मी देवी करणार नाही. तुम्हालाही ते आवडलं नसतं. पण तुमचे यजमान जाऊन बारा वर्षं झाली. त्यानंतर तुम्हाला कोणाचं भय नव्हतं. विजय तुमच्यासमोर हंसाची टिंगल करायचा, तुम्ही चहा प्यायचात. एकदाही माझ्याकडे बोट दाखवलं नाहीत. ती बारा वर्षं मात्र तुम्ही मला दिलीत, आणि ती मी विसरणार नाही.

आणि मग तुम्ही मला सुई धरायला शिकवलंत. चिठ्ठीवरचं खरं व्हावं म्हणून, असं मी आता धरते. दुसरं काही असेल तर येऊन सांगा.

पण रागही आला, तोही ऐकून घ्या. मला अकरा ओळी उसवायला लावल्यात आणि स्वतःची चूक माझ्या टीव्हीवर तेहतीस वर्षं ठेवलीत! "तुम्ही जन्मात कधी चुकला नाहीत वाटतं" असं मी म्हटल्यावर तुम्ही का गप्प झालात ते आता कळलं. तेव्हाच बोलायचंत की. मी पण बोलले असते. दोघी मिळून हसलो असतो, साबुदाणा करपला असता. फार वाईट वाटतं हो याचं. गेल्याचं वाटतं त्याहून जास्त याचं वाटतं.

बाविसाव्या ओळीशी मी दोन दिवस थांबले. घर रिकामं ठेवायचं की भरायचं? तुमचा नमुना जसाच्या तसा विणावा, ती तुमची आठवण, असं विजय म्हणाला. त्याला तेव्हा काही माहीत नव्हतं, आपला उगाच मऊ झालेला. मी तुमचंच ऐकलं. चूक ठेवून पुढे जायचं नाही. दोन खांब घातले, घर भरलं. माझ्या हंसाला एकच डोळा आहे. पंचविसावी ओळ संपली तेव्हा टाके मोजले. शहात्तर.

चौदाव्याला तुमच्या फोटोपुढे स्टुलावर मी दोन्ही रुमाल शेजारी शेजारी पसरले. काकू आल्या होत्या, आता त्यांना नीट दिसत नाही, पण हा हंस त्यांनी ओळखला. "हा मीनलच्या रुखवतातला ना गं? दोन डोळ्यांचा? आणि हा दुसरा कोणाचा?"

घरात पंधरा-वीस माणसं. विजय दाराशी पाण्याचे ग्लास घेऊन उभा. अश्विनी माझ्याकडे बघत होती, मामी बोलणार की नाही. सोपं होतं, दोन्ही माझेच म्हणायचं. कोण ताडून बघणार होतं?

मी म्हटलं, "काकू, हा दुसरा माझा. पहिलाच. वन्संनी शिकवलेला. आणि रुखवतातला मी नव्हता विणलेला. आईनं दुकानातून आणलेला. तो वन्संनी विणलेला होता. त्या दुकानासाठी विणायच्या, आणि फार सुंदर विणायच्या."

मग विजयनं ग्लास खाली ठेवले आणि म्हणाला, "म्हणजे मी तेहतीस वर्षं ताईच्या हंसाला हसतोय?" आणि खरंच हसायला लागला, आणि हसता हसता फोटोकडे बघून ढसाढसा रडला. अश्विनी पण. काकूंनी दोन्ही रुमाल डोळ्यांजवळ नेऊन बघितले आणि म्हणाल्या, "हे घरच्यांनाही सांगायचं नाही, असं कोणी शिकवलं होतं तिला?"

तुमचा रुमाल मी अश्विनीला दिला. तो तिचा आहे, भेळ तिची बुडाली होती. माझा फोटोखाली ठेवून आले. रुखवतातली ती चिठ्ठी इतक्या वर्षांत कुठे गेली कोण जाणे. अश्विनी म्हणत होती, नवीन लिहून लावूया का. मी नको म्हटलं.

एक गोष्ट माझ्याकडे राहून गेलीय, वन्सं, ती परत करते. त्या दिवशी मांडवात तुम्ही स्वतःच्याच कामाचं कौतुक केलंत आणि थँक्यू म्हणून ते मी घेतलं. ते माझं नव्हतं.

हात सुंदर होता हो तुमचा.